टर्बो नवा टाकला तरी इंटरकूलरमध्ये ऑइल येतंय, आता कुठं बघू?

दहाचाकी

नमस्कार मंडळी. गाडी माझी स्वतःची, चालवतोही मीच. सहा सिलिंडर डिझेल, टर्बो-इंटरकूलर (टर्बो हवा दाबून इंजिनात ढकलतो, मधला इंटरकूलर ती थंड करतो), ६ लाख ४० हजार किलोमीटर झालेत आणि इंजिन अजून एकदाही उघडलेलं नाही.

चार महिन्यांपूर्वी इंटरकूलरच्या खालच्या होसला क्लॅम्पपाशी काळा ओलावा दिसायला लागला. पुसला की दोन फेऱ्यांत परत हजर. शेवटी क्लॅम्प ढिला करून होस ओढला, तर आतून ऑइलची धारच लागली. खाली डबा धरला, पाऊण लिटर भरलं. गॅरेजमध्ये दाखवलं. त्यांनी टर्बोचा पाईप काढला, शाफ्ट दोन बोटांत धरून हलवला, "प्ले (सैलपणा) आलाय, टर्बो गेला" म्हणाले. मी विश्वास ठेवला आणि नवा टर्बो टाकला. जुना मात्र मागून घेतला, घरी पिशवीत बांधून ठेवलाय.

पुढे पाच हजार किलोमीटरही झाले नाहीत, तोच होस, तोच क्लॅम्प, तोच ओलावा. या वेळी अर्धा लिटर निघालं.

बाकी लक्षणं अशी. पूर्वी एका ऑइल चेंजपासून दुसऱ्यापर्यंत वरून फारसं घालावं लागत नव्हतं, आता हजार किलोमीटरला लिटरभर घालतो. सकाळी स्टार्ट केल्यावर मिनिटभर निळसर धूर, नंतर साफ. लोडवर धूर नाही. चढावर पिकअप किंचित बसल्यासारखं वाटतं. ब्रीदरचा पाईप (इंजिनाच्या पोटातली वाफ सोडणारा) बाहेर सोडलेला नाही, एअर फिल्टर आणि टर्बोच्या मधल्या पाईपला जोडलेला आहे, कंपनीचा आहे तसाच. फिल्टर मागच्या महिन्यात हवा मारून साफ केला. ऑइलची लेव्हल पट्टीवर वरच्या खुणेला ठेवतो, त्याच्या वर कधी नाही.

आता तेच गॅरेज म्हणतंय की पिस्टनच्या रिंगा गेल्या, हाफ इंजिन (अर्धं इंजिन उघडून दुरुस्ती) करून टाका. माझं मन तयार होत नाही. एकदा टर्बो टाकून बघितला, आता इंजिन उघडून बघायचं, आणि तरी ऑइल आलंच तर? गाडी उभी ठेवणंही परवडत नाही आणि अशी पळवायलाही भीती वाटते. ज्यांच्या हाताखालून असं काम गेलंय त्यांनी कृपया सांगा, आधी काय तपासू?

घाटरस्ता

माझ्या गाडीला असंच झालं होतं, कारण एअर फिल्टर निघालं. वरून स्वच्छ दिसत होतं, पण हवा मारून मारून कागदात बारीक धूळ दाबून बसली होती. फिल्टर चोक झालं की टर्बो तोंडाशी व्हॅक्यूम करतो आणि आतलं ऑइल ओढून घेतो. नवं फिल्टर टाका आणि बघा. शिवाय गाडी तासन्‌तास आयडलवर उभी ठेवता का? मी झोपताना इंजिन चालू ठेवायचो, तेव्हा जास्त यायचं. ते बंद केलं.

डिझेलमिस्त्री

दहाचाकी भाऊ, अजून काही उघडू नका. रिंगाही नाही आणि टर्बोही नाही. अठ्ठावीस वर्षं डिझेल इंजिनांवरच काम करतोय. या तक्रारीने माझ्याकडे आलेले कितीतरी टर्बो धडधाकट होते. ऑइल टर्बोतून बाहेर पडतं म्हणून शिक्षा टर्बोला होते, आणि खरा चोर गाडीवरच राहतो. तुमच्या बाबतीत तसंच झालंय असं मला वाटतं. नवा टर्बो पाच हजारात पहिल्यासारखंच वागायला लागला, यातच अर्धं उत्तर आहे.

आधी टर्बोचं सील काय असतं ते समजून घ्या, म्हणजे पुढचं सगळं सरळ लागेल. बऱ्याच जणांना वाटतं की शाफ्टला रबरी ऑइल सील असतं, क्रँकच्या टोकाला असतं तसं. तिथं रबर नसतं. पिस्टन रिंगसारखी बारीक धातूची कडी असते, तोंड कापलेली. ती हाउसिंगमध्ये ताणून बसते आणि शाफ्टच्या खाचेत मोकळी राहते. शाफ्ट मिनिटाला लाखभर फेरे मारतो, घासणारं काही तिथं टिकणारच नाही. ही कडी एकटीच्या जोरावर ऑइल अडवत नाही. तिला दोन गोष्टींची साथ लागते. टर्बोच्या चाकाच्या पाठीमागे बूस्टची, म्हणजे टर्बोने दाबलेली, हवा उभी असते, ती ऑइलला आतच रेटते. आणि आतलं ऑइल पटकन खाली निघून जायला हवं. ते पंपाच्या दाबाने वर येतं, पण परत चेंबरमध्ये, म्हणजे इंजिनाच्या पोटात, जातं ते फक्त स्वतःच्या वजनाने. बेअरिंगमधून बाहेर पडलेलं ऑइल हवा मिसळून फेसाळ झालेलं असतं, साबणाच्या पाण्यासारखं. म्हणून तर वर येणारी नळी करंगळीपेक्षा बारीक आणि खाली जाणारा पाईप अंगठ्याहून जाड असतो.

यातली एक साथ जरी सुटली, तर कोरा करकरीत टर्बोसुद्धा ऑइल टाकतो. घाटरस्ता म्हणतात ते बरोबर आहे. फिल्टर तुंबलं की हवेची साथ उलटी होते. आयडलवर बूस्टच नसतो, त्यामुळे तिथं सील तसंही कमजोर असतं. पण मला जास्त संशय खाली जाण्याच्या वाटेवर आहे. परतीचा पाईप दबला असेल, कार्बनने भरला असेल, किंवा चेंबरमध्येच दाब तयार झाला असेल, तर ऑइल टर्बोतच तुंबतं. मग त्याला बाहेर पडायला दोनच दारं उरतात. थंड बाजूने गेलं की इंटरकूलरमध्ये, गरम बाजूने गेलं की सायलेन्सरमध्ये.

शाफ्टच्या प्लेबद्दलही सांगतो. फ्लोटिंग बेअरिंगला ऑइलच्या थरासाठी जागा मुद्दाम सोडलेली असते. बंद इंजिनावर शाफ्ट बाजूला थोडा डुलणारच. नव्याचाही डुलतो, विश्वास बसत नसेल तर आता बसवलाय त्याचाच हलवून बघा. बघायचं असतं ते मागेपुढे सरकणं. तो प्ले इतका कमी असतो की डायल गेज लागतो. बोटाला ठक्क जाणवलं तर थ्रस्ट बेअरिंग गेलं समजा. दुसरी खूण म्हणजे पात्यांची टोकं हाउसिंगला घासल्याचे ओरखडे. जुना टर्बो जपून ठेवलात हे फार चांगलं केलंत, त्याच्याकडे शेवटी येऊ.

आता कामाचं. फिल्टरपासून इंटरकूलरपर्यंतचे सगळे पाईप काढा आणि आतून पांढऱ्या फडक्याने अगदी कोरडे करा. इंटरकूलर रिकामा करा. नवं एअर फिल्टर टाका, म्हणजे तो एक संशय मिटेल. ब्रीदरचा पाईप इनटेकमधून सोडवा, तिथलं भोक नीट बूच मारून बंद करा (उघडं राहिलं तर धूळ थेट टर्बोच्या चाकावर जाईल), आणि ब्रीदरचं तोंड एका मोठ्या बाटलीत सोडा. बाटलीचं झाकण हवाबंद करू नका, हवा निघून जायला वाट ठेवा. हे फक्त तपासणीपुरतं आहे, कायमचं नाही. मग तीनशे किलोमीटर लोडवर चालवा आणि तीन जागी फडकं फिरवून बघा: फिल्टरनंतर, टर्बोच्या तोंडाशी, आणि टर्बोतून बाहेर पडताना. कोरडं कुठं संपतं आणि ओलं कुठं सुरू होतं ते लिहा. बाटलीत किती जमलं तेही मोजा.

आणि एक. कोणी सांगेल की टर्बोला जाणाऱ्या नळीत बारीक भोकाचा वॉशर टाका, ऑइल कमी जाईल म्हणजे कमी गळेल. तसं करू नका. बेअरिंग तिथंच जळेल.

रात्रपाळी

मिस्त्रींचं सगळं करा, पण भाऊ, त्याआधी आजच्या आज तो इंटरकूलर रिकामा करा. मी हे अनुभवलंय म्हणून कळकळीने लिहितोय.

माझ्याही इंटरकूलरमध्ये ऑइल जमत होतं आणि मी "नंतर बघू" म्हणत चालवत होतो. लोड घेऊन लांब चढ चढलो, वर आल्यावर गाडी बाजूला घेतली आणि पाय काढला, तरी इंजिनाचा आवाज खाली येईना. उलट चढायला लागला. चावी बंद केली, काही फरक नाही. मागे धुराचा पांढरा-निळा डोंगर. डिझेल बंद झालं होतं, पण इंजिन इंटरकूलरमधलं ऑइल ओढून त्यावर पळत होतं. चढावर टर्बोची हवा जोरात गेली आणि तळाशी साचलेलं ऑइल सगळं एकदम उचललं गेलं. माझ्या हाताशी गिअर होता म्हणून वाचलो. वरचा गिअर टाकला, ब्रेक पूर्ण दाबला आणि क्लच झटक्यात सोडला. गाडीने एक धक्का खाल्ला आणि इंजिन मेलं. क्लच प्लेट जळाली, पण इंजिन वाचलं.

असं झालं तर फिल्टरचा पाईप काढून हात किंवा फडकं तोंडाला लावायला कोणी जाऊ नका. ती ओढ इतकी असते की फडकं आत जातं, हातही जातो. आणि इंजिन पार वर गेलं असेल तर त्याच्या बाजूला उभं राहू नका, लोकांना दूर करा.

दहाचाकी

रात्रपाळी, वाचून त्याच संध्याकाळी होस काढला. पावशेर निघालं, धन्यवाद.

मिस्त्रीकाका, तुम्ही सांगितलं तसं सगळं केलं. नवं फिल्टर टाकलं, पाईप कोरडे केले, ब्रीदर पाण्याच्या मोठ्या बाटलीत सोडला. ३१० किलोमीटर झाले, बहुतेक लोडवर. फिल्टरनंतरचा पाईप कोरडा. टर्बोच्या तोंडाशी कोरडं, फडक्यावर नुसती राख लागली. टर्बोतून बाहेर पडणाऱ्या पाईपात ओलं, तळाला बोटाला लागेल एवढं ऑइल. आधीपेक्षा कमी आहे, पण आहेच. बाटलीत दोनशे मिली जमलं, काळं आणि पातळ.

आणि एक बघितलं. आयडलवर ऑइल टाकायचं झाकण उलटं करून नुसतं तोंडावर ठेवलं, तर ते थडथड नाचतं. कधी जोरात, कधी कमी. हे रिंगांचंच लक्षण ना? गॅरेजवाल्यानेही हेच करून दाखवलं होतं.

याच्याशी संबंध आहे की नाही माहीत नाही, पण लिहून ठेवतो. सकाळी ब्रेकची हवा भरायला पूर्वीपेक्षा बराच वेळ लागतो. आणि एअर ड्रायर (ब्रेकच्या हवेतलं पाणी काढणारा) हवा सोडतो तेव्हा खाली जमिनीवर काळे थेंब पडतात.

डिझेलमिस्त्री

संबंध आहे. मला वाटतं तुमचं सगळं दुखणं त्या शेवटच्या दोन वाक्यांतच आहे. तुम्ही ते सहज म्हणून लिहिलंत.

आधी तुमच्या तपासणीचा अर्थ. टर्बोच्या तोंडाशी कोरडं आणि बाहेर ओलं, म्हणजे ऑइल टर्बोच्या थंड बाजूच्या सीलमधून येतंय हे नक्की. बाटलीतले दोनशे मिली ब्रीदरमधून, म्हणजे आधी तेही इनटेकमध्येच जात होते. दोन्ही वाटांनी एकाच वेळी ऑइल येतंय याचा अर्थ चेंबरमध्ये दाब आहे. तोच दाब ब्रीदरमधून ऑइलची वाफ बाहेर रेटतो आणि तोच टर्बोतून खाली येणाऱ्या ऑइलला अडवतो. नवं फिल्टर टाकूनही येतंय, म्हणजे ओढीचा प्रश्न नाही.

आता चेंबरमध्ये हवा कुठून येते? सगळे म्हणतात रिंगांतून. येते, पण फक्त तिथूनच नाही. टर्बोच्या गरम बाजूचं सील गेलं असेल तर एक्झॉस्टचा वायू परतीच्या पाईपातून चेंबरमध्ये उतरतो. आणि तिसरी वाट कोणाच्या ध्यानात राहत नाही, ती ब्रेकच्या एअर कॉम्प्रेसरची. त्याला ऑइल इंजिनच देतं आणि त्याच्या खालची बाजू थेट इंजिनाच्या पोटात उघडते. त्याचा बोअर घासला, रिंग चिकटली, की हवा वर टाकीत जायच्या ऐवजी खाली चेंबरमध्ये जाते. टाकी भरायला वेळ लागतो. ऑइल वर चढून ड्रायरमधून काळे थेंब पडतात. आणि झाकण नाचतं. झाकण "कधी जोरात, कधी कमी" नाचतं म्हणालात ना? रिंगांचा दाब आयडलवर असा वरखाली होत नाही. कॉम्प्रेसरचा होतो, कारण तो कधी हवा भरतो आणि कधी मोकळा फिरतो.

पण हा माझा अंदाज झाला. अंदाजाने एक टर्बो घालवलात, दुसरं काही घालवू नका. मोजून बघू.

तीन मीटर पारदर्शक नळी घ्या. फळीवर यू आकारात खिळ्यांनी बसवा, अर्धी भरेल इतकं पाणी घाला, पाण्यात थोडी निळी शाई टाका म्हणजे नीट दिसेल. मागे मोजपट्टी चिकटवा. ऑइलची पट्टी काढून तिच्या नळीवर एक टोक हवा न गळेल असं बसवा, दुसरं टोक मोकळं. ब्रीदर सध्या बाटलीत आहे तसाच राहू द्या. हवेच्या टाक्या पूर्ण रिकाम्या करा, चाकांना उटी (अडकण) लावायला विसरू नका. इंजिन गरम झाल्यावर आर.पी.एम. १५०० ला स्थिर धरा. एकजण आत, एकजण फळीपाशी. हवा भरत असताना दोन्ही बाजूंच्या पाण्यातला फरक लिहा. हवा पूर्ण भरून ड्रायर फुस्स करतो, त्या क्षणी पाण्याकडे बघा. पाणी खाली आलं तर कॉम्प्रेसर. होतं तिथंच राहिलं तर कॉम्प्रेसर सुटला, मग टर्बोचा परतीचा पाईप वेगळा करून बघू, आणि रिंगांचा नंबर त्यानंतर.

आर.पी.एम. मध्ये बदलू नका, नाहीतर आकडे एकमेकांशी लावता येणार नाहीत.

घाटरस्ता

हे मला नवीन आहे. कॉम्प्रेसर आणि टर्बोचा संबंध कधी जोडला नव्हता. निकाल जरूर लिहा.

दहाचाकी

काल संध्याकाळी केलं. मुलगा फळीपाशी बसला, मी आत.

टाक्या रिकाम्या, आर.पी.एम. १५००. पाणी लगेच चढलं आणि थरथरत २१ सेंटिमीटरच्या फरकावर थांबलं. मुलगा आकडा ओरडून सांगत होता, एकवीस, वीस, एकवीस. हवा भरायला इतका वेळ लागत होता की पाय अवघडला. शेवटी ड्रायरने फुस्स केलं आणि मुलगा ओरडला, "पडलं, पडलं!" मला वाटलं फळीच पडली. पाणी पडलं होतं. एकवीसवरून सहावर, एका श्वासात. मी ब्रेक दाबून दाबून हवा खाली आणली, कॉम्प्रेसर परत भरायला लागला, पाणी परत चढलं. चार वेळा केलं, चारही वेळा तेच.

आज कॉम्प्रेसर उतरवला. हेड काढल्यावर बोअरमध्ये उभे ओरखडे नखाला अडकतात. ऑइल रिंग खाचेत कार्बनने चिकटलेली, पिनने उचलावी लागली. आणि कॉम्प्रेसरमधून निघणारा डिलिव्हरी पाईप बघून तर मी गप्पच झालो. आत इतका कार्बन की पेन्सिल जेमतेम जाईल.

इतकं झाल्यावर टर्बोचा परतीचा पाईपही काढला. वरच्या फ्लॅंजच्या तोंडाशी लाल सिलिकॉनची करंगळीएवढी पट्टी लोंबत होती. एक कड चिकटलेली, अर्धं तोंड झाकलेलं. फोटो काढून ठेवलाय. आता मला कळेना, दोष कॉम्प्रेसरचा की या सिलिकॉनचा?

डिझेलमिस्त्री

मुलाला शाबासकी द्या, आकडे अगदी नीट घेतले त्याने.

दोष दोघांचा आहे, पण मूळ कॉम्प्रेसर. सिलिकॉन टर्बो बदलताना लागलं, म्हणजे ते नंतर आलं. पहिला टर्बो ऑइल टाकत होता तेव्हा ते तिथं नव्हतं. चेंबरमधल्या दाबाने पहिला टर्बो गळला, दुसरा त्याच दाबाने आणि वर सिलिकॉनने अर्धी वाट अडवल्याने गळला. टर्बोच्या ऑइलच्या कुठल्याही जोडाला, वरच्या असो की खालच्या, सिलिकॉन लावायचं नाही. कोरडं गॅस्केट, स्वच्छ फ्लॅंज, बस. दाबल्यावर बाहेर जेवढं दिसतं तेवढंच आतही निघालेलं असतं. वरच्या जोडाला तुकडा सुटला तर बेअरिंगच्या भोकात जाऊन बसतो.

कॉम्प्रेसर कशाने गेला तेही बघून घ्या, नाहीतर नवाही जाईल. त्या डिलिव्हरी पाईपामुळे कॉम्प्रेसर अडलेल्या वाटेत हवा ढकलत होता, तापत होता, तापला की ऑइल जळून आणखी कार्बन. पाईप साफ करत बसू नका, बदला. टाक्यांतलं ऑइल-पाणी काढा, ड्रायरचं काडतूस बदला, ऑइलने भिजलेलं काडतूस पाणी धरत नाही. कॉम्प्रेसरची सक्शन नळी कुठून येते ते बघा, तिचा जोड ढिला असेल तर तिथून धूळ जाते आणि बोअरवर असेच उभे ओरखडे येतात. नवा कॉम्प्रेसर बसवल्यावर ऑइलच्या पट्टीच्या नळीवर पाण्याची नळी परत एकदा लावा. उरलेले सहा सेंटिमीटर इंजिनाचे स्वतःचे आहेत. मर्यादा प्रत्येक इंजिनाची वेगळी, तुमच्या इंजिनाच्या सर्व्हिस पुस्तकात दिलेली असते, तिच्याशी ताडून बघा. पण ६ लाख ४० हजारांना एवढं असेल तर माझ्या मते हे इंजिन उघडायची वेळ आलेली नाही.

आता इंटरकूलर. हे काम घाईत करू नका. गाडीवरून खाली उतरवा. डिग्रीझर आणि गरम पाण्याने आतून धुवा, दोन्ही तोंडं आळीपाळीने खाली करा, पाणी स्वच्छ येईपर्यंत. डिझेल किंवा रॉकेलने धुऊन तसाच बसवू नका. आत राहिलेलं डिझेल इंजिनाला बाहेरून इंधन दिल्यासारखं होतं, रात्रपाळींनी लिहिलं तेच होईल. उलटा टांगून पूर्ण सुकू द्या, एक दिवस गेला तरी चालेल. ऑइलमध्ये भिजून मऊ, फुगीर झालेला होस परत लावू नका, बूस्टमध्ये तो सुटतो.

परतीचा पाईप बसवताना तो सरळ खाली उतरतो ना बघा. मध्ये पोट पडलं किंवा आडवा गेला की फेसाळ ऑइल तिथंच थांबतं. ब्रीदर परत इनटेकला जोडा, त्याला फिल्टर असेल तर तोही बदला, तुंबलेला ब्रीदर फिल्टर पुन्हा तोच दाब तयार करतो. टर्बोच्या वरच्या तोंडात स्वच्छ ऑइल घाला, चाक हाताने फिरवा, आणि डिझेल बंद ठेवून सेल्फ मारा, ऑइलचा दाब दिसेपर्यंत. मग स्टार्ट. चढ चढून आल्यावर लगेच बंद करायची सवय असेल तर ती सोडा, दोन-तीन मिनिटं आयडलवर थंड होऊ द्या. तापलेल्या टर्बोत अडकलेलं ऑइल जळून परतीचा पाईप बुजतो.

रात्रपाळी

दोन-तीन मिनिटं आयडल आणि रात्रभर आयडल यांत लोक गोंधळ करतात. माझा ड्रायव्हर टर्बो थंड करायचा म्हणून जेवण होईपर्यंत चालू ठेवायचा.

दहाचाकी

सहा आठवड्यांनी लिहितोय, गाडी फिरत होती. नवा कॉम्प्रेसर, नवा डिलिव्हरी पाईप, ड्रायरचं काडतूस, ब्रीदरचा फिल्टर, दोन होस. इंटरकूलर दीड दिवस उलटा टांगला, पहिल्या दिवशी कोरडा वाटला होता पण रात्री आणखी थेंब पडले. पाण्याची नळी परत लावली: हवा भरताना सात, भरल्यावर सहा. सर्व्हिस पुस्तकातल्या मर्यादेच्या बरंच खाली आहे.

४२०० किलोमीटर झाले. वरून घातलेलं ऑइल पाऊण लिटर. चढावरचं पिकअप परत आलंय. काल खालचा होस काढला. ओघळ नाही, आतून बोट फिरवलं तर बोटाला तेलकट चमक लागते एवढंच. हे ठीक आहे का काका?

डिझेलमिस्त्री

ठीक आहे. ब्रीदर इनटेकला जोडलेल्या इंजिनात तेवढी चमक असतेच, नवीन गाडीतही असते. थेंब जमला तर लिहा. आता जुना टर्बो बाहेर काढा आणि डायल गेज असलेल्या कोणाकडून मागेपुढचा प्ले मोजून घ्या.

दहाचाकी

मोजला. पुस्तकातल्या मर्यादेच्या आत आहे. पात्यांना एकही ओरखडा नाही. वाईट वाटलं, पण बरंही वाटलं. आतून साफ करून सगळ्या तोंडांना झाकणं लावलीत आणि परत पिशवीत बांधून ठेवलाय. कॉम्प्रेसरचं काय झालं ते मुलाला दाखवलं, फळी त्याने मोडू दिली नाही, गॅरेजच्या भिंतीला टांगलीये.